भाव फुटण्याआधी अंदाज लिहा: चारचौघांत मशीन लर्निंग कसं शिकावं

‘आजचा दिवस सतरावा. पायथनमधले लूप पूर्ण केले.’ लिंक्डइन उघडलं की अशा नोंदी ढिगाने दिसतात. खाली पाच-सहा टाळ्या आणि एखादं ‘कीप इट अप’. लिहिणाऱ्याला बरं वाटतं, वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि लूप खरंच कळले का हे दोघांनाही समजत नाही. शिकता शिकता जाहीर लिहायची पद्धत मला पटते, मी मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या आकड्यांवरून यंत्राला अंदाज करायला शिकवणं, तसंच शिकले. पण त्या नोंदीत समोरच्याला तपासून बघता येईल असं काहीतरी असलं पाहिजे. आकडा असो, कोड असो, अंदाज असो, नाहीतर नेमका प्रश्न. यांतलं काहीच नसेल तर त्या दिवशी गप्प बसावं.

मी निफाड तालुक्यात एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. शिक्षण एम.कॉम. एक्सेलवर हात बसलेला होता, कोडचा गंध नव्हता. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला, ‘मावशी, टायटॅनिकपासून सुरू कर, सगळे तिथूनच करतात.’ सगळे करतात हीच तर अडचण. टायटॅनिकच्या त्या सरावाच्या फाइलीत ८९१ प्रवासी आहेत, आणि त्यांच्यातलं कोण वाचलं हे जगभरच्या विद्यार्थ्यांनी इतक्या वेळा सांगून झालंय की तुमच्या नोंदीची कुणालाच गरज नाही. आयरिसच्या फुलांचंही तेच. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३६ साली वापरलेली १५० फुलांची मापं. घरी सराव करायला दोन्ही उत्तम. पण जाहीर लिहायला असा विषय घ्या, ज्यात तुमच्या गावातला, तुमच्या धंद्यातला माणूस म्हणू शकेल, ‘अहो, असं होत नाही.’

माझा प्रश्न साधा होता: उद्या लासलगावला उन्हाळ कांद्याचा सर्वसाधारण दर काय निघेल?

तुमचा दुसरा असेल. एसटीच्या डेपोत काम करत असाल तर गाडी किती उशिरा येते, शाळेत असाल तर कुठल्या महिन्यात हजेरी घसरते. भाषेची आवड असेल तर पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीट सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ असे वर्गीकरण करून खुले केलेत. तिथून सुरुवात करा आणि त्यातला उपरोध यंत्राला कळतो का ते बघा.

किती वेळाने लिहायचं

अलेक्झांडर कॅलवे या प्रोग्रामरने २०१६ मध्ये शंभर दिवसांचं आव्हान सुरू केलं. रोज निदान एक तास कोड लिहायचा आणि त्या दिवशी काय केलं ते जाहीर सांगायचं. सवय लागायला ते चांगलं आहे, कॉलेजच्या मुलांनी जरूर करावं. ज्याला मार्चअखेर गाठायची असते, घरी सासूबाईंची औषधं बघायची असतात, त्याच्याच्याने रोज होत नाही. मग एक दिवस चुकतो, दुसरा चुकतो आणि लाजेपोटी सगळंच बंद पडतं. मी रविवार धरला. रविवारी लिलाव नसतो, डोकं मोकळं असतं, आणि आठवडाभरात सांगण्यासारखं एक तरी सापडतं. आठवडा कोरा गेला तर तसंही लिहायची गरज नाही. कुणी हजेरी घेत नाही.

कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर ज्या दिवशी काम नोंदवलं त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. त्या हिरव्या चौकोनांच्या मागेही लागू नका. गिट हे कोडमधले बदल जपणारं साधन, आणि त्यात कमिटची, म्हणजे बदलाच्या नोंदीची, तारीख आपल्याला हवी ती टाकता येते, त्यामुळे वर्षभराचे हिरवे चौकोन एका दुपारीत उभे करता येतात. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या नोंदी डेटाबद्दल लिहा

मॉडेलची, म्हणजे डेटावरून शिकून अंदाज सांगणाऱ्या सूत्राची, घाई नको. पहिले काही आठवडे नुसती फाइल साफ करण्यात जातात, आणि लोकांच्या सर्वांत जास्त उपयोगाचं लिखाण त्याच काळात होतं, कारण पुस्तकातले डेटा धुऊनपुसून दिलेले असतात.

कांद्याचे रोजचे दर कृषी पणन मंडळाकडे मिळतात, केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवरही मिळतात. रकाने ठरलेले: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. दिसायला सरळ आहे. पण पणन मंडळाच्या यादीत ‘लासलगाव’, ‘लासलगाव - निफाड’ आणि ‘लासलगाव - विंचूर’ अशा तीन वेगळ्या ओळी असतात, कारण मुख्य आवार आणि दोन उपबाजार वेगळे मोजले जातात. ‘ज्या नावात लासलगाव आहे त्या सगळ्या ओळी द्या’ असं कोडमध्ये लिहिलं की तिन्ही आवारं एकत्र होतात, आणि एका तारखेला तीन दर दिसू लागतात. आमच्या भागातल्या कुणालाही हे आधीच माहीत असतं. पुण्या-बंगळुरूत बसून डेटा उतरवणाऱ्याला ते सांगायला तुम्ही लागता. ही एक नोंद झाली.

तारखा ही दुसरी. आपल्याकडे ०३/०४/२०२४ म्हणजे तीन एप्रिल. पँडाजला, म्हणजे पायथनमधल्या तक्ते वाचणाऱ्या साधनाला, काही सांगितलं नाही तर ते आधी महिना धरतं आणि चार मार्च समजतं. तारीख वाचताना दिवस आधी येतो हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं. सांगितलं नाही तर आलेखात सुट्टीच्या दिवशीही लिलाव झालेले दिसू शकतात, आणि बाजार समितीत पाय ठेवलेला माणूस ते बघून हसतो.

तिसरी गोष्ट मला फार आवडली होती. आमच्याकडे हाताने भरलेल्या शीटमध्ये आकडे देवनागरीत असतात. पँडाज तो रकाना मजकूर समजतं, पण पायथनच्या ‘इंट’ला ‘१२५०’ दिलं की ते निमूटपणे बाराशे पन्नास करून देतं. वेगळं काही बसवावं लागत नाही. पायथनला मात्र ‘कांदा’ हा शब्द दोन अक्षरांचा वाटत नाही. त्याच्या लेखी ते पाच आहेत: क, काना, अनुस्वार, द, काना. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधीतरी अडवतं, म्हणून अशी छोटी नोंद महिनोन् महिने कुणाच्या तरी कामाला येत राहते.

लिलाव नसलेल्या दिवसांचं काय करायचं, हा प्रश्नही जाहीर मांडण्यासारखा आहे. सण असतो, मार्चअखेर असते, कधी संप असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते, तेव्हा फाइलीत सलग भोक पडतं. ते भोक आदल्या दराने भरलं तर मॉडेलला वाटतं, बाजार किती शांत होता! प्रत्यक्षात ट्रॅक्टर घरी उभे होते. मी ते दिवस रिकामेच ठेवते आणि ‘किती दिवसांनी लिलाव झाला’ असा वेगळा रकाना करते. तुम्ही काय करता ते नोंदीत लिहा आणि का करता तेही लिहा.

आधी ‘आजचाच भाव उद्या’ला हरवा

मॉडेल बांधायच्या आधी एक अडाणी अंदाज घ्या: उद्याचा दर म्हणजे आजचाच दर. याला बेसलाइन म्हणतात. रोजच्या अंदाजातली चूक काढायची, अधिक-उणे न बघता तिची सरासरी काढायची. अंदाज १८०० होता आणि दर १९५० निघाला, तर चूक १५०. झालं, एवढंच गणित. आता तुमचं लिनिअर रिग्रेशन (आकड्यांतून सरळ रेघ काढणारं मॉडेल) किंवा रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी घेणारं) याच्यापेक्षा कमी चुकतं का, हे बघायचं. पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असंच येतं. रोजच्या भावाला हरवणं अवघड आहे, आणि ‘मॉडेल हरलं’ ही अगदी सन्मानाची नोंद आहे. बेसलाइनशिवाय ‘अचूकता ९७ टक्के’ असं कुणी लिहिलं की मी पुढे वाचत नाही.

अशा आकड्यांमागे बहुतेक वेळा एकच भानगड असते. सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग संचातलं, डेटा दोन भागांत तोडणारं नेहमीचं फंक्शन काही सांगितलं नाही तर ओळी पिसून वाटतं. म्हणजे मंगळवार शिकायच्या भागात, बुधवार परीक्षेच्या भागात, गुरुवार परत शिकायच्या भागात. मॉडेलला बुधवारच्या दोन्ही बाजू माहीत असताना बुधवार ओळखायला काय लागतं? काळाशी बांधलेल्या डेटात जुनं शिकायला आणि नवं परीक्षेला, असंच तोडायचं. त्यासाठी ‘टाइमसिरीजस्प्लिट’ नावाची तयार सोय आहे.

याहून चोरटा प्रकार आवकेचा आहे. दराशी आवकेचा संबंध आहे हे शेंबडं पोरगंही सांगेल, म्हणून आपण आवकेचा रकाना मॉडेलला देतो. पण त्या दिवशीची आवक त्या दिवशीच कळते. उद्याचा दर आज सांगायचा असेल तर हातात फक्त आजपर्यंतची आवक असते. उद्याचा आकडा उद्याच्याच ओळीतून मॉडेलला दिला, तर ते कागदावर हुशार ठरतं आणि बाजारात निरुपयोगी. कोड खुला ठेवायचा तो याचसाठी, कारण असली गळती नुसता निकाल वाचून कुणाला दिसत नाही.

अंदाज आधी, लिलाव नंतर

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. जुन्या डेटावर मॉडेल किती चाललं हे सांगण्यापेक्षा, उद्याचा आकडा आज संध्याकाळी लिहून टाका. सकाळी लिलाव सुरू झाला की भाव फुटतो, मग बदलायला वाव राहत नाही.

तो आकडा कुठे लिहायचा याला महत्त्व आहे. गिटमधली तारीख आपल्या हातात असते हे वर आलंच, म्हणून नुसत्या कमिटवर कुणी विश्वास ठेवू नये. मी टेलिग्रामच्या चॅनेलवर टाकते. तिथे वेळ त्यांची पडते आणि मजकूर नंतर बदलला तर ‘एडिटेड’ असं शेजारी दिसतं. कोड गिटहबवर, अंदाज टेलिग्रामवर, आणि महिन्याचा ताळेबंद लिंक्डइनवर, कारण नोकरी देणारे तिथे असतात.

माझी रविवारची नोंद साधारण अशी असते. आकडे नमुन्यादाखल घेतलेत:

प्रश्न: आठवड्याभराची आवक दिल्याने उद्याचा अंदाज सुधारतो का?
डेटा: पणन मंडळ, लासलगाव मुख्य आवार, उन्हाळ कांदा, एप्रिल ते ऑगस्ट.
तुलना: ‘आजचाच भाव उद्या’ची सरासरी चूक क्विंटलला ६२ रुपये. माझ्या मॉडेलची ६६. मॉडेल हरलं.
न कळलेलं: सोमवारी चूक सर्वांत मोठी येते. सुट्टीनंतर माल साठून येतो म्हणून, की दुसरं काही?
उद्याचा अंदाज: सर्वसाधारण दर १७४०.
कोड: दुवा.

इतकंच. फोटो नाही, ‘सांगायला आनंद होतो की’ नाही. चौथी ओळ विसरू नका. ती अशी लिहा की जिला पायथन येत नाही अशी व्यक्तीही उत्तर देऊ शकेल. ‘माझा लर्निंग रेट किती ठेवू?’ असं विचारलंत तर शिकवणीवाले येतात. ‘सोमवारी असं का होतं?’ असं विचारलंत तर ज्याच्या चाळीत कांदा आहे तो माणूस येतो, आणि तो सांगतो ते कुठल्याच कोर्समध्ये नसतं. एकाने मला सांगितलं होतं, ‘ताई, ऑक्टोबर-नोव्हेंबरात चाळीतला उन्हाळ आणि नवा लाल दोन्ही शेजारी शेजारी विकले जातात. दोघांची सरासरी काढली तर तो कुठल्याच कांद्याचा भाव नाही.’ जातीप्रमाणे ओळी वेगळ्या का ठेवायच्या, हे याहून चांगलं कुणी समजावेल असं मला वाटत नाही.

जेव्हा मॉडेलचा इलाज नसतो

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळले, लिलाव बंद पडले. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं. बंदी मे २०२४ मध्ये उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि तेच ४० टक्के शुल्क ठेवून. आता सांगा, आवक, मागचे दर आणि महिना एवढंच माहीत असलेल्या मॉडेलने ७ डिसेंबरला बसून काय सांगायचं होतं?

या दिवसांवर मॉडेल चालवून बघा आणि जसं आहे तसं जाहीर टाका. शिकणाऱ्याने करावा असा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. लिनिअर रिग्रेशन काही दिवस जुन्याच उंचीवर रेंगाळतं आणि मग खाली येतं. रँडम फॉरेस्टचं वेगळं: शिकताना पाहिलेल्या दरांच्या सरासऱ्यांतूनच ते उत्तर देतं, त्यामुळे शिकायच्या डेटात कमाल दर ४००० असेल तर बाजार ५००० ला गेला तरी त्याचं उत्तर ४००० च्या वर जात नाही. ही गोष्ट व्याख्येत वाचून लक्षात राहत नाही. आपल्या बाजाराच्या आलेखावर ती सपाट रेघ पाहिली की कायमची राहते. तुमच्या विषयातही असा एखादा दिवस असेल. एसटीवाल्यांसाठी तो ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून लांबलेला संप. तो दिवस फाइलीतून काढून टाकू नका.

मराठीत की इंग्रजीत

कोडमधली नावं इंग्रजीत ठेवा, इतरांना चालवता यावीत म्हणून. रीडमी (कोडसोबतची माहितीची फाइल), टिपणं आणि नोंद मराठीत लिहा. ‘ओव्हरफिटिंग’ला (मॉडेलने जुना डेटा पाठ करणं आणि नव्यावर चुकणं) प्रतिशब्द शोधत बसू नका, ओव्हरफिटिंगच म्हणा. पण ते म्हणजे काय, हे मराठीत दोन वाक्यांत सांगता आलं नाही तर तुम्हाला ते अजून कळलेलं नाही असं समजा. इंग्रजीत लिहिताना आपण पाठ केलेली वाक्यं उतरवून निसटतो. मराठीत तशी तयार वाक्यं कमी आहेत, त्यामुळे निसटता येत नाही. सरावासाठी इंग्रजीतला चार ओळींचा सारांशही खाली जोडा, मुलाखतीत तोच लागतो.

आलेखावर मराठी लिहिताना एक त्रास होतो. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने नुसते चौकोन उमटतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी बसवला की अक्षरं येतात, पण माझ्याकडच्या आवृत्तीत जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते. मी आलेखावर फक्त आकडे ठेवते आणि मराठी मथळा वर वेगळा लिहिते.

काय टाकायचं नाही

शेठची खातेवही टाकायची नाही. माझ्या समोर रोज शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, कुणाला किती चुकते केले, सगळं असतं. मॉडेलला त्याचा फार उपयोग होईल. तरीही त्यातली एक ओळ बाहेर जात नाही. सरकारी, आधीच खुल्या असलेल्या आकड्यांवरच काम. कोडचा नमुना दाखवायला फाइल लागली तर पाच खोट्या ओळी हाताने बनवा, नाव ‘शेतकरी १’, ‘शेतकरी २’.

पासवर्ड आणि एपीआयच्या किल्ल्या (दुसऱ्या सेवेशी आपला कोड जोडणारे गुप्त शब्द) कोडमध्ये लिहू नका. चुकून गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसून काही होत नाही. गिट जुनं सगळं जपून ठेवतं, मागे जाऊन कुणीही वाचतं. किल्ली ताबडतोब रद्द करून नवी घ्यायची, मग पुसापुशी. आणि कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड चालवायच्या गूगलच्या सोयीवर, काम करत असाल तर लक्षात ठेवा, सत्र संपलं की तिथल्या फाइली जातात. ड्राइव्हवर किंवा गिटहबवर ठेवल्याशिवाय मशीन बंद करू नका.

हल्ली निम्मा कोड चॅटबॉट लिहून देतो. मीही घेते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. नियम एकच ठेवलाय: ज्या ओळीचं काम मला भाच्याला फोनवर सांगता येत नाही, ती ओळ मी जाहीर करत नाही. आणि कुठला भाग बॉटने लिहिला ते रीडमीत लिहिते.

मदत मागताना

स्क्रीनचा वाकडा फोटो पाठवू नका. एरर पूर्ण मजकुरात द्या. पायथनची एरर खालून वर वाचायची असते, खरं कारण शेवटच्या ओळीत असतं, हे आधी स्वतः करून बघा. मग पाच ओळींचा डेटा, चालवता येईल एवढाच कोड, काय हवं होतं आणि काय आलं, एवढं लिहा. अर्ध्या वेळा हे लिहितानाच उत्तर सापडतं. सापडलं तरी नोंद टाका, उत्तरासकट.

कुणी तिरकस बोलेल. ‘हे तर पहिल्या वर्षाच्या पोरांना येतं’ असं म्हणणारे असतातच. त्यांच्या बोलण्यात तपासण्यासारखं काही असेल तर तपासा, नसेल तर उत्तर देऊ नका. चूक दाखवली असेल तर जुनी नोंद पुसू नका, तिच्याखाली तारीख टाकून दुरुस्ती लिहा. वाचणाऱ्याला दोन्ही दिसली पाहिजेत.

पहिले काही आठवडे कुणीच वाचणार नाही. त्याची वाट बघत बसण्यापेक्षा एक माणूस निवडा, ज्याला तुमच्या विषयातलं कळतं पण कोडमधलं नाही, आणि दर रविवारी त्याला ती नोंद थेट पाठवा. फॉरवर्ड म्हणून नको, नाव घालून. ‘दादा, सोमवारबद्दल विचारलंय, चौथी ओळ बघा.’ तो उत्तर देतो. मग तो ती त्याच्या गटात टाकतो, आणि मंगळवारी लिलावाच्या ओट्यावर कुणीतरी विचारतं की तुमचं मशीन आज किती सांगतंय.